सुटे पैसे

पहिली झाली तेव्हा मी पडवीत कुऱ्हाडीला धार लावत होतो.
सुईण दारात येऊन म्हणाली, मुलगी आहे, नोल्बेर्तो.
मी म्हणालो, बरं.
आणि धार लावतच राहिलो.
हे एदुविनाला मी कधी सांगितलं नाही.
तिला ठाऊक आहे.

मग नोएलिया. मग, सहा वर्षांनी, मिर्ता.
चिलोए बेटावर आमच्या लोक तोंडावर विचारत,
बैल कोण हाकणार रे तुझे?
मी हसायचो.
तेवढंच काय ते कोरडं,
बाकी सगळं तिथं बारा महिने ओलं असतं,
सरपणसुद्धा.

त्यांची आई कास्त्रोच्या इस्पितळात पडून होती, तो एक महिना.
सकाळी तीन डोकी माझ्यापुढं ओळीनं.
मला वेणी येत नव्हती, होडी बांधायची गाठ येत होती.
तीच घातली.
शाळेतून बाईंची चिठ्ठी आली:
गाठ सुटत नाही, कात्री लावू का?
मी उलट टपाली कळवलं, लावू नका, येतो.
आणि चार मैल चालत जाऊन
सगळ्या वर्गासमोर पोरीचे केस सोडवले.
नोएलिया अजून त्या गोष्टीवर हसते.
मला तेव्हा घाम फुटला होता.

मग समुद्रानं अंगणाचा घास घेतला,
आणि आम्ही घर हलवलं.
हलवलं म्हणजे हलवलंच.
खाली ओंडके सारायचे, पुढं बैलांच्या जोड्या जुंपायच्या,
आणि अख्खं घर ओढत टेकाडावर न्यायचं,
चूल, खिडक्या, खिळ्यावरचा संत आंतोनियो, सगळं जागच्या जागी.
शेजारी राबतात, पैसे घेत नाहीत.
आपण बटाटे उकडायचे, डुक्कर कापायचं.

मिर्ता म्हणाली, मी आतच बसणार.
मी ओरडलो. ती पलंगाखाली शिरली.
भरती थांबणार नव्हती, तशीच निघालो.
खिडकीत तिचं डोकं,
वाटेतल्या कुंपणांना, कोंबड्यांना, पाद्रीबुवांना
ती हात करत होती,
जशी कुठली मोठी बाई लांबच्या गावाला निघालीय.
चढाला दोर करकरला.
माझा आवाज चिरकला, बैल बुजले.
एदुविना तेव्हा पंधराची.
तिनं माझ्या हातून पराणी काढून घेतली.
बाबा, तू घाबरलायस, त्यांना कळतंय. बाजूला हो.
मी बाजूला झालो.

बाजूला होणं मी तिथं पहिल्यांदा केलं.
नंतर पुष्कळदा.
नोएलिया माशांच्या कारखान्यात लागली तेव्हा,
तिनं त्या केसाळ वेल्डरला जेवायला आणलं तेव्हा,
(बरा निघाला. दोनदा जेवतो.)
मिर्ता पुंता आरेनासला नर्सिंग शिकायला गेली तेव्हा
तिची ट्रंक मी उचलायला वाकलो
तर तिनं तिला चाकं लावून घेतलेली.

दर रविवारी ती फोन करते.
गोळ्या घेतल्यास का? घेतल्या.
खोटं बोलू नकोस. बरं.
माझं बरं तसंच राहिलंय.

काल मी फेरीनं पलीकडे निघालो, दाताच्या डॉक्टरकडे.
जाड कोट, टोपी, गळ्यात पैशांची पिशवी,
एदुविना गाड्यांमधून तिकिटं फाडत आली.
दोन वर्षं झाली ती या बोटीवर आहे,
मी कधी तिच्या पाळीला चढलो नव्हतो.
एकच? म्हणाली.
एकच, म्हणालो.
वाटलं, हसेल. मागं रांग होती.
तिनं माझी नोट उजेडाला धरून पाहिली,
सगळ्यांची पाहते तशी,
आणि सुटे पैसे मोजून हातावर ठेवले,
शेवटच्या नाण्यापर्यंत.
मग वाकून, पुढच्याला ऐकू जाणार नाही असं,
मफलर नीट गुंडाळ, म्हणाली.

पुढच्या टोकाला मी वाऱ्यात उभा राहिलो.
मफलर गुंडाळला.
नाणी हातातच होती,
धक्का येईपर्यंत ती खिशात टाकायचं सुचलं नाही.